खोल गाण्याचे मास्तर

"तुमाला गोड आवडतं का?"

खोली भाड्यानं मागायला आलेल्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी आणि माझा थोरला भाऊ गंगावेशीजवळच्या एका गल्लीत, उन्हात, दाराशी उभे होतो. दार उघडणारा गृहस्थ साठीकडे झुकलेला, उंच, वाळका. पाऊस अजून लागायचा होता, घामानं जीव नकोसा झाला होता, आणि यांच्या अंगात पितळी बटणांचा जाड निळा कोट, गळ्यापर्यंत लावलेला. मला वाटलं, आत चहा टाकला असेल आणि साखरेचं विचारत असतील.

"आवडतं की," मी म्हटलं.

"मग अवघड हाय," असं म्हणून ते दार लोटायला लागले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आवो, पोरगी उन्हात हुबी हाय! आदी आत घ्या, मग इच्यारा काय इच्यारायचं ते!" दार पुन्हा उघडलं ते त्यांच्या बायकोनं. कपाळावर भलंमोठं कुंकू, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. मला खोली मिळाली ती तिच्यामुळं. भावानं जाताना सगळ्यांसमोर बजावलं, "हिच्याबद्दल किंवा ह्या घराबद्दल एक जरी वाकडा शब्द वडगावला आला, तर नोकरी बास. पाव्हणे तयार आहेत." मी पेठ वडगावची. मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, आणि एकट्या बाईसाठी खोली विचारलेलं हे तिसरं का चौथं घर होतं. बाकीच्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

संस्थान विलीन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमचे घरमालक संस्थानच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत. बँड मोडला, वाद्यं कुठल्याशा कोठीत गेली, पण कोट यांच्या अंगावर राहिला. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. ते बँडमास्तर कधीच नव्हते. वाजवणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभे असत. कुणी तसं सुनावलं तर म्हणत, "मागच्या रांगेत हुबं ऱ्हायलं की पुढच्यांची चूक पैली ऐकू येते." मीही त्यांना मास्तरच म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकी.

काकी मोठ्या आवाजाची. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, त्यात काकीचा सूर असा की तालमीतली पोरंसुद्धा रस्ता सोडायची. सुईणीच्या जोडीनं जाऊन गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. स्वतःला मात्र मूलबाळ नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. तिचं आणि मास्तरांचं बोलणं दिवसभर चालायचं, पण ते सगळं भाकरी, पाणी, सरपण, धोतर यांच्यापुरतं. त्यापलीकडे दोघांपैकी कुणी पाऊल टाकलं की दुसरं एकदम गप्प व्हायचं. ती शांतता मला पहिल्याच आठवड्यात जाणवली. भांडणापेक्षा ती वाईट होती.

आणि घरात एक बंद खोली होती.

तिच्यात ग्रामोफोन होता. मास्तर दर रविवारी जेवणानंतर तिथं जायचे. जायच्या आधी साबणानं हात धुवायचे, कोटाची सगळी बटणं लावायचे, आणि दाराला आतून टॉवेल लावून फट बुजवायचे. तरी आवाज यायचा. पहिल्या रविवारी तो ऐकून मी खोलीतून धावत बाहेर आले. कुणीतरी पुरुष "आऽऽय! आऽऽय!" असा ओरडत होता. त्या ओरडण्याला सूर होता की नव्हता ते कळेना. फाटलेला, खरवडलेला आवाज. मला वाटलं मास्तरांना काही झालं. काकी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काय न्हाय," ती म्हणाली. "त्यांची भुतं हायती. एक दिस वरवंटा घालतो मी त्या ताटल्यांवर."

त्या तबकड्यांविषयी गल्लीत नाना कथा होत्या. मास्तर पहिल्या महायुद्धात पलटणीच्या बँडाबरोबर विलायतेकडे गेले होते, इतकं खरं. बाकी ते प्रत्येकाला वेगळं सांगत. शिंप्याला सांगितलं, जहाज बुडालं आणि पोहत किनाऱ्याला लागलो. पानवाल्याला सांगितलं, साहेबानं हेरगिरीला ठेवून घेतलं. मला त्यांनी त्यातल्या त्यात खरं सांगितलं असावं: परतीच्या बोटीवर ताप आला, जिब्राल्टर नावाच्या बंदरात इस्पितळात उतरवलं, बोट निघून गेली. बरे झाल्यावर तिथल्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात राहिले. आपल्याकडचे सिंधी तिथंही दुकानं मांडून बसले होते. दुसरी बोट महिन्या-दोन महिन्यांत मिळाली असती. हे पाच-सहा वर्षं आले नाहीत.

"का?" मी विचारलं होतं.

"गाणं ऐकत हुतो," ते म्हणाले.

श्रावणात एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, या. ऐकून बघा." का बोलावलं, कोण जाणे. मी संध्याकाळी पेटीवर भावगीतं म्हणायची, ती त्यांच्या कानाला फार लागत असतील, असं आता वाटतं. काकी दारातच भाजी निवडायला बसली, दार उघडं राहील अशा बेतानं. बसायला चटई होती. टेकायचं नाही, हातात काही धरायचं नाही, बोलायचं नाही, मान हलवायची नाही, असे नियम. त्यांनी बाभळीचा एक काटा पात्यानं तासून सुईच्या जागी बसवला. पोलादी सुई तबकडी खाते, म्हणाले. किल्ली दिली.

आधी कुठलं तरी तंतुवाद्य वाजलं, मग तेच ओरडणं. "आऽऽय..." मी वाट बघत होते की हे संपेल आणि गाणं सुरू होईल. माझी नजर खिडकीकडे गेली. त्यांनी लगेच काटा उचलला.

"काय झालं?"

"काही नाही. म्हटलं, अजून गाणं सुरू व्हायचंय."

"झालं, आणि संपलं बी. उठा."

काकी दारात फिसकन हसली. मला इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आमच्या घरी कीर्तनं व्हायची, गवई उतरायचे; मी काही अगदीच बहिरी नव्हते. पाचव्या दिवशी मीच जाऊन म्हटलं, "त्यात गाण्यासारखं काय आहे ते तरी सांगा. सूर हलतोय, आवाज फाटतोय, ताल सापडत नाही."

"गोड शोधताय तुमी," ते म्हणाले. "गोड पायजे तर गुळाच्या अड्ड्यावर जावा की. कोल्हापुरात गुळाला तोटा न्हाय."

मग ते जरा निवळले. म्हणाले, त्या बंदरापलीकडच्या मुलखात या गाण्याला नावच 'खोल गाणं' असं आहे. विहिरीसारखं. वरून बघणाऱ्याला फक्त काळोख दिसतो. गाणारे बहुतेक भटके लोहार, आपल्या घिसाड्यांसारखे. आवाज फाटतो तो चुकून नाही. जिथं फाटायलाच पाहिजे तिथं फाटतो. "आपला गवई आधी सूर लावतो, मग दुःखाकडं जातो. ह्यांच्यात दुःख आधी येतं. सूर मागनं धापा टाकत येतो. त्याला गाठतो का न्हाय, तेवढंच ऐकायचं."

"आणि शब्दांचा अर्थ?"

"अर्थ इच्यारायचा न्हाय."

त्यानंतर दर रविवारी मी बसू लागले. मास्तरांचं शिकवणं म्हणजे छळ होता. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, ती ते मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, "आता त्यानं श्वास कुठं घेतला?" मला सांगता यायचं नाही. पुन्हा लावायचे. एकदा मी उगीच "वा!" म्हटलं, तर म्हणाले, "वा म्हणायचं एवढं काय झालं? माणूस पडलाय. पडलेल्या माणसाला वा म्हंता?" शाळेतल्या मुलींना मी स्वतः परीक्षेच्या वेळी घाबरवत असेन, पण रविवारी दुपारी त्या चटईवर मीच परीक्षेला बसायची. तरी जायची. का, ते त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका तबकडीवर वाद्य नव्हतंच. नुसता आवाज, आणि मागं ऐरणीवर हातोडा. तिचा ठेका मला सापडेना तेव्हा ते मला रंकाळ्याच्या रस्त्याला घेऊन गेले. तिथं घिसाड्यांची पालं पडली होती. एक घिसाडी लाल लोखंड सांडशीत धरून बसला होता आणि त्याची बायको उभ्यानं घण घालत होती. मास्तर समोर जाऊन उभे राहिले, कोटाची बटणं लावलेले, आणि मला म्हणाले, "डोळे मिटा." भर रस्त्यात मी डोळे मिटून उभी.

"काय पाजवायचं हाय, पावणं?" घिसाडी म्हणाला. "इळा? खुरपं?"

"काय न्हाय. तुमी ठोका."

"मग हुबं कशापायी ऱ्हायलाय?"

"दोन ठोक्यांच्या मधलं ऐकाय."

घिसाडणीनं घण खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्यांना ऊन लागलंय. घरी न्या." मी इतकी शरमले की टांगा करून परत आले. मास्तर चालत आले, खुशीत होते. आणि पुढच्या रविवारी, त्या तबकडीवर, हातोडा पडायच्या आधी गाणारा माणूस किंचित थांबतो, हात वर गेलेला असताना कुणी बोलू नये तसा, ते मला ऐकू आलं. मी काही बोलले नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तबकडी शेवटपर्यंत वाजू दिली.

आता इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात की तुम्हाला गाण्यातलं कळतं ते कुणामुळं. मी त्यांचं नाव सांगत नाही. सांगून कुणाला काही कळणार नाही. पुढं माझी बदली शाहूवाडीकडे झाली, आणि तिथं एका पावसाळ्यात ते गेल्याचं उशिरा समजलं. काकी माहेरी कागलकडे गेली होती. तबकड्यांचं काय झालं, गल्लीत कुणाला सांगता आलं नाही. मी फार चौकशीही केली नाही. कारण ज्या दिवशी मला ते गाणं खरोखर कळलं, त्या दिवशी तबकडी अर्ध्यात थांबली होती.

तो दिवस चैत्रातला. जोतिबाची यात्रा होऊन दोन दिवस झाले होते. गल्लीच्या गटारीतून अजून गुलाल वाहत होता. शेजारच्या घरातली सून बाळंतपणाला अडली होती. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा सुरू. तिचा दीर तालमीतला पैलवान. तो रस्त्यात येरझाऱ्या घालत होता, आणि त्याला बघून पोरांनीही खेळ बंद केला होता. काकी पहाटेपासून तिकडेच होती. दुपारी भाकरी टाकायला म्हणून घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी विचारलंच नाही.

मास्तर हात धूत होते.

"आज लावू नगा," काकी म्हणाली. "पोरगी अडलीया. सुईण बी घाबरलीया."

मास्तरांनी टॉवेल घेतला. हात पुसले. बटणं लावली.

"मी काय म्हंतो? आज न्हाय लावायचं."

"हळू लावतो."

"आज रविवार बी न्हाय!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरंच, त्या दिवशी रविवार नव्हता. यात्रेमुळं शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. मास्तर आत गेले. दाराच्या फटीत आतून टॉवेल सरकताना दिसला. काकी चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली, इतक्या जोरानं की परात हलत होती.

त्यांनी लावली ती तबकडी मी कधी ऐकली नव्हती. वाद्य नाही, हातोडा नाही. नुसता एक म्हातारा आवाज. "आऽऽऽय." तो वर गेलाच नाही. खाली उतरला, आणि उतरतच राहिला, जसं कुणी अंधारात पायऱ्या चाचपतंय. टॉवेलचा काही उपयोग झाला नाही. गल्ली आधीच श्वास धरून होती, त्यात तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल.

पैलवान दार ढकलून आत आला. त्याच्या मागं चार-पाच माणसं, दोन बायका. त्यानं खोलीचं दारही ढकललं. टॉवेल त्याच्या पायात अडकला.

"मास्तर, बंद करा त्यो फोनो!"

मास्तर ग्रामोफोनपुढं हात पसरून उभे राहिले. तबकडी चालूच होती.

"तिकडं माझी वैनी मरणाच्या दारात हाय आणि तुमी हितं मयताचं रडगाणं लावलंय? कोण मेलंय तुमच्या घरात? आं? कोण मेलंय?"

मास्तरांनी पसरलेले हात खाली घेतले नाहीत. पैलवानानं त्यांच्या कोटाची गळपट्टी धरली आणि दुसरा हात तबकडीकडे नेला. मी माणसांच्या मागोमाग आत शिरून खोलीच्या कोपऱ्यात उभी होते. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की उद्या हे वडगावला कळणार आणि परवा भाऊ टांगा घेऊन येणार. दुसऱ्यांदा आलं ते हे की तबकडीला हात लागला तर हा म्हातारा इथंच पडेल.

"मेलंय," दारातून आवाज आला.

काकी उभी होती. हात पिठाचे.

"सोड त्यांना. मेलंय माझ्या घरात."

पैलवानानं वळून बघितलं. "कोण?"

"माझं पोरगं. तू जल्मायच्या आदी. यात्रंच्या तिसऱ्या दिशी, देवी येऊन. रडायचं ऱ्हायलं हुतं, ते आज रडत्यात. तुला काय इच्यारायचं हाय आणखी?"

पैलवानाचा हात आपोआप सुटला. तबकडीवर तो म्हातारा आवाज अजून उतरत होता. काकी आत आली, तिनं स्वतः काटा उचलला. तिला तो उचलता येत होता. याचं मला त्या क्षणीही नवल वाटलं. मग ती मास्तरांकडे वळली. गल्लीतली माणसं दारात आहेत याचं तिला भान नव्हतं, किंवा असूनही पर्वा नव्हती.

"तुमाला दिस ठाऊक हाय?"

मास्तर म्हणाले, "हाय."

"कुणी सांगितला?"

"शाहूवाडीचा एक जवान भेटला हुता, रजेवरनं नुकताच आलेला. इस्पितळात."

"म्हंजी तवाच ठाऊक हुतं."

"व्हय."

"आणि आला न्हाईसा."

मास्तर खाली बघत होते. "कुठल्या तोंडानं येऊ? त्याचं तोंड बी बघितलं न्हवतं मी. तू पोटुशी असताना गेलतो. बोट मिळत हुती. धक्क्यावर जायचो आणि परत फिरायचो. एकदा तसाच चालत बंदराच्या हद्दीपलीकडं गेलो. एक लोहार गात बसला हुता. मी त्याच्या पुढ्यात बसलो. त्यानं इच्यारलं न्हाय कोण, कुठला. मग रोज जाऊन बसायला लागलो."

"रोज," काकी म्हणाली.

"रोज."

"काय म्हंतोय त्यो?" तिनं तबकडीकडे बोट केलं. "आय आय म्हणून. आयला हाक मारतोय?"

"न्हाय. त्यांच्यात आय म्हंजी आई न्हवं. अर्थ काय न्हाय त्याला. दुखलं की म्हणायचं, बास."

"मग आपल्यात तरी काय येगळं हाय?" काकी म्हणाली.

शेजारून कळांचा एक ओरडा आला आणि विरला. काकी चटईवर बसली. तिचा आवाज नेहमी एवढा मोठा, तो आता एकदम लहान झाला होता. "सासूनं मला रडू दिलं न्हाय. देवी घरात हाय, रडायचं न्हाय. नवरा समिंद्रापार हाय, त्याला बाधंल, रडायचं न्हाय. मी तोंडात पदर कोंबला. मग तुमी आलासा ते ह्या ताटल्या घिऊन. दार लावून बसलासा."

आणि मग तिनं सुरुवात केली.

त्याला गाणं म्हणावं की रडणं, मला माहीत नाही. आमच्याकडे मयताला बायका रडताना बोलतात, ओळींनी बोलतात, ते मी लहानपणापासून ऐकलेलं. पण हे तीस-बत्तीस वर्षं आत राहिलेलं होतं. पहिला शब्द आला तोच मधे फाटला.

"माझ्या वाघा रंऽऽ... तुझं आंगडं वाळत घातलं हुतं रंऽऽ... दोरीवरनं उतरायचं ऱ्हायलं रंऽऽ..."

मास्तर उठले. दाराकडे निघाले, भिंतीला हात लावत.

"बसा!" काकी ओरडली. "लोकांचं ऐकाय रोज बसत हुतासा. आता घरचं ऐका."

ते परत फिरले. चटईवर तिच्यासमोर बसले. मला शिकवलं होतं तसेच: पाठ ताठ, टेकायचं नाही, हात गुडघ्यांवर, मान हलवायची नाही. काकी त्यांच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दोरी होती आणि दोरीवर आंगडं. "ऊन गेलं रंऽऽ... दव पडलं रंऽऽ... कुणाला घालू रंऽऽ..." प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची, आणि त्या थांबण्यात तिचा श्वास आत जाताना अडखळायचा. मास्तरांनी महिनोन् महिने मला विचारलं होतं, आता श्वास कुठं घेतला? इथं मला ते प्रत्येक वेळी कळत होतं. माझ्या छातीत कळत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता.

दारातल्या दोन बायका आत आल्या, काकीच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून त्याही रडायला लागल्या. पैलवानानं वहाणा काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. मास्तरांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. त्यांनी पुसलं नाही. एकदाच त्यांचे ओठ हलले. त्यांनी काहीतरी विचारलं. काकी थांबली.

"काय?"

"नाव," मास्तर म्हणाले. "नाव काय ठेवलं हुतंस?"

जवानाला पोराचं नाव माहीत नव्हतं. आणि नंतर घरी येऊन इतकी वर्षं त्यांनी ते विचारलं नव्हतं. काकीनं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. ते त्या दोघांचं आहे. मास्तरांनी ते हलकेच उच्चारलं, एकदा, चूक होऊ नये तसं.

काकी आणखी रडली असती. पण गल्लीतून एक मुलगी धावत आली, "काकी, सुईण बोलावतीया! बिगीबिगी या म्हंतीया!" पैलवान उठून उभा राहिला. रडणाऱ्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत न्यावं की नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. काकीनं पदरानं नाक पुसलं, मी धावत भरून आणलेला तांब्या घेतला, तोंडावर पाणी मारलं.

"सरक," ती त्याला म्हणाली, आणि निघून गेली. त्या दोन्ही बायका तिच्यामागं.

मग बराच वेळ काही घडलं नाही. तसा वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी काढला नाही. पैलवान आमच्याच अंगणात बसून राहिला. त्याला स्वतःच्या घरी जायचं धाडस होईना. मास्तर चटईवरून हलले नाहीत. मी चुलीपुढं जाऊन काकीनं अर्धवट टाकलेल्या भाकरी पुऱ्या केल्या, कारण काहीतरी करायला पाहिजे होतं. पलीकडच्या भिंतीतून कळा ऐकू येत. मग त्या थांबल्या. काहीच ऐकू येईना. पैलवान उठला, पुन्हा बसला. आपलं ऐकणं इतकं ताणलं गेलं आहे की त्याचाच आवाज येतोय, असं मला वाटलं.

आणि मग भिंतीपलीकडं काहीतरी झालं. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. पैलवान धावत सुटला.

काकी दिवेलागणीला आली. अंगणात पाय धुतले, पायांवर बराच वेळ पाणी ओतत राहिली. मग खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तर अजून तिथंच होते. कोटाची बटणं मात्र सोडलेली होती.

"पोरगी झाली," ती म्हणाली. मला नाही, त्यांना. "लगीच रडली न्हाय. निळी पडली हुती. पाठीवर चापट दिली, मग रडली."

"ऐकलं मी," मास्तर म्हणाले, आणि चटईवर जरा बाजूला सरकले.